खाते वेगळे, कर्ज वेगळे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

"तुमचे सिबिल खराब आहे, खाते निघणार नाही." बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागात सोसायट्यांच्या, म्हणजे सहकारी पतसंस्थांच्या, आणि काही बँकांच्याही काउंटरवर हे वाक्य सर्रास ऐकू येते. लेखी कोणी देत नाही. वडगाव-खासबागचा मागवाला असो, उद्यमबागेतला टर्नर असो की निपाणीची विडी कामगार बाई, एकदा असे ऐकले की पुन्हा विचारायला येत नाहीत. मग मजुरी रोखीने घ्यायची, नाहीतर मेहुण्याच्या खात्यावर मागवायची. अशा लोकांसाठी नेमकी माहिती छापली जावी, म्हणून हे पत्र.

सिबिल हे कर्जाची नोंद ठेवणाऱ्या एका कंपनीचे नाव, पण लोक त्या नोंदीलाच सिबिल म्हणतात. बचत खाते उघडताना सिबिल गुण पाहिलेच पाहिजेत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम नाही. नियम आहे तो केवायसीचा, म्हणजे ओळख आणि पत्ता पटवण्याचा. यात गोंधळ होण्याचे एक कारण मोबाईलवर फिरणारे सल्ले. ते बहुतेक अमेरिकेतले असतात. तिथली क्रेडिट युनियन, म्हणजे सभासदांची पतसंस्था, नवे खाते देण्यापूर्वी चेक्ससिस्टीम्स नावाच्या संस्थेकडे जुन्या बँक खात्यांची नोंद बघते, आणि बुडवलेल्या खात्याची नोंद तिथे साधारण 5 वर्षे राहते. आपल्याकडे बचत खात्यांची अशी यादी नाही. अपवाद एकच, सायबर पोलिसांनी गोठवलेल्या खात्यांचा. त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

आधी आपल्या नोंदीवरचा डाग कोणत्या जातीचा आहे हे ओळखावे. बहुतेकांचा डाग अगदी हलका असतो : जुन्या बँकेत पडून राहिलेले खाते आणि त्यावर चढलेला दंड. किमान शिल्लक नाही म्हणून दंड लावता लावता बचत खाते उणे करता येत नाही, हा नियम 1 एप्रिल 2015 पासून आहे. दोन वर्षे खातेदाराने व्यवहार केला नाही तर खाते निष्क्रिय होते, पण अशा खात्यावर किमान शिल्लकेचा दंड लावता येत नाही आणि ते पुन्हा चालू करायला पैसेही घेता येत नाहीत. दहा वर्षे कोणी हात लावला नाही तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार निधीत जाते. तिथूनही ती मूळ बँकेमार्फत परत मिळते, आणि उद्गम नावाच्या पोर्टलवर नाव टाकून शोधता येते.

आपल्या भागात अडचण वेगळीच होते. पासबुक सिंडिकेट बँकेचे, आणि ती बँक तर दिसत नाही! सिंडिकेट 1 एप्रिल 2020 रोजी कॅनरात गेली. विजया 2019 मध्ये बँक ऑफ बडोदात, कॉर्पोरेशन 2020 मध्ये युनियन बँकेत गेली. कर्नाटक विकास ग्रामीण बँक 1 मे 2025 पासून कर्नाटक ग्रामीण बँकेत आहे. जुने पासबुक घेऊन आताच्या बँकेत जावे. खाते बंद करायचेच असेल तर एक गोष्ट आधी तपासावी : त्या खात्याचे सही केलेले कोरे चेक कुणा फायनान्सकडे, सोसायटीकडे किंवा व्यापाऱ्याकडे पडून तर नाहीत ना? बंद खात्यावरचा चेक परत आला तरी चेक न वटण्याच्या गुन्ह्याचे 138 कलम लागू शकते. चेक परत आल्याचे बँकेकडून समजल्यावर समोरच्याने 30 दिवसांत नोटीस पाठवायची असते, आणि नोटीस मिळाल्यापासून पैसे भरायला 15 दिवस असतात. नोटीस न घेता परत पाठवण्याची खोड लोकांना आहे. त्याने केस टळत नाही, हे 15 दिवस मात्र वाया जातात.

दुसरा डाग कर्जाचा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या ही नोंद ठेवतात. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. झेरॉक्सच्या दुकानात दोनशे-तीनशे रुपये देऊन तो काढण्याचे कारण नाही. अहवाल हातात आला की वरचा मोठा आकडा सोडून खालची चौकटींची रांग पाहावी. प्रत्येक महिन्याला एक चौकट असते. तिच्यात 000 असेल तर हप्ता वेळेवर गेला, 030 असेल तर तीस दिवस थकला. शेजारी खात्याची स्थिती लिहिलेली असते. 'क्लोज्ड' म्हणजे पूर्ण फिटले. 'सेटल्ड' म्हणजे तडजोडीने कमी पैशांत मिटवले. 'रिटन ऑफ' म्हणजे बँकेने बुडीत धरले, पण माफ केलेले नाही. ओटीएस, म्हणजे एकरकमी तडजोड, करताना लोक व्याजात सूट मिळाली म्हणून खूश होतात, आणि पुढे कित्येक वर्षे 'सेटल्ड' हा शब्द नडत राहतो. सुटलेली रक्कम झेपण्यासारखी असेल तर ती भरून 'क्लोज्ड' नोंद आणि नो ड्यूज, म्हणजे काही देणे बाकी नसल्याचा, दाखला मागावा. कर्ज गहाणाचे असेल तर ते फिटल्यावर मूळ कागद 30 दिवसांत परत मिळाले पाहिजेत. उशिराचे कारण बँकेकडे असेल तर 1 डिसेंबर 2023 पासून दिवसाला 5,000 रुपये भरपाई आहे.

अहवालात न घेतलेले कर्ज दिसणे हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार. याची कारणे दोन. पहिले जामीनकी. भावकीत, गल्लीत एकमेकांना जामीन राहण्याची आपली रीत जुनी आहे. पण जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते आणि त्याची नोंद जामीनदाराच्या अहवालातही येते. दुसरे कारण नावाचे. मराठी शाळेच्या दाखल्यावर 'परशराम', कन्नडमधून भरलेल्या आधारवर 'परशुराम'. लक्ष्मणच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये पॅनवर एक्स, मतदार ओळखपत्रावर केएसएच. बायकांच्या कागदांवर निम्मे माहेरचे नाव, निम्मे सासरचे. गाव एका कागदावर 'बेळगाव', 2014 नंतरच्या कागदावर 'बेळगावी'. एकाच गावात एकाच नावाचे चार पाटील असतात, आणि एकाचे थकलेले ट्रॅक्टरचे कर्ज दुसऱ्याच्या अहवालात जाऊन बसते. तेव्हा खात्याचा अर्ज भरण्याआधी आधार आणि पॅन अक्षर न अक्षर जुळवून घ्यावेत. आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते आणि जन्मतारीख एकदाच, म्हणून केंद्रावर स्क्रीनवरचे कन्नड आणि इंग्रजी दोन्ही नाव वाचून घेतल्याशिवाय 'हो' म्हणू नये. कन्नड वाचता येत नसेल तर येणाऱ्याला सोबत न्यावे.

चुकीच्या नोंदीची तक्रार अहवाल देणाऱ्या कंपनीकडे ऑनलाइन किंवा लेखी करता येते. ती 30 दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते. आधी बँकेकडे जा, मग कंपनीकडे जा, असे सांगून फिरवले तर तक्रारीची तारीख असलेली पोच जपून ठेवावी. दिवस त्या तारखेपासूनच मोजले जातात.

तिसरा डाग खरोखर जड. कुणी कमिशनच्या लोभाने आपले खाते आणि एटीएम कार्ड दुसऱ्याला वापरायला दिले, त्यातून फसवणुकीचे पैसे फिरले आणि खाते गोठले. कॉलेजच्या पोरांचे असे फार होते. अशा वेळी दुसरीकडे गुपचूप खाते काढण्याचा प्रयत्न करू नये. संशयितांची नोंद 2024 पासून बँकांना पाहता येते. शाखेकडून तक्रारीचा क्रमांक, कोणत्या राज्यातले पोलीस ठाणे आणि वादातली रक्कम किती, या तीन गोष्टी लेखी घ्याव्यात. वाद 4,000 रुपयांचा आणि गोठला सगळा पगार, असेही घडते. तेव्हा वादातली रक्कम अडवून बाकीचे खाते खुले करावे, असा अर्ज त्या तपास अधिकाऱ्याला आणि बँकेला द्यावा.

आता नवे खाते. आमचा ठाम सल्ला असा, की पहिले खाते बँकेत काढावे, सोसायटीत नंतर. बँकेत 'मूलभूत बचत खाते' म्हणजे बीएसबीडी, अर्थात जनधनसारखे शून्य शिल्लकेचे खाते, असे नाव घेऊन मागावे. त्याला किमान शिल्लक लागत नाही, एटीएम कार्ड फुकट असते, महिन्याला किमान चार वेळा पैसे काढता येतात. मात्र त्याच बँकेत दुसरे बचत खाते ठेवता येत नाही. ओळखीचा एकही अधिकृत कागद नसेल तर 'छोटे खाते' निघते. त्यात एका वेळी 50,000 पर्यंत शिल्लक, महिन्याला 10,000 पर्यंत पैसे काढणे आणि वर्षभरात 1 लाखापर्यंत जमा, अशी मर्यादा असते. आधारवर खानापूरचा पत्ता आणि राहणे पुण्यात किंवा गोव्यात असेल तर सध्याच्या पत्त्याचे स्वतःचे घोषणापत्र चालते. अर्ज नाकारायचा तर अधिकाऱ्याने कारण नोंदवायचे असते. ते कारण मागावे.

ज्या बँकेचे कर्ज थकले आहे तिथे नवे खाते काढू नये. स्वतःकडच्या खात्यातली रक्कम थकीत कर्जाकडे वळवण्याचा हक्क बँकेला असतो. पगार किंवा कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे 2,000 रुपये आले आणि त्याच दिवशी कर्जात वळते झाले, असे त्यामुळेच होते. सरकारी पैसे आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यावर जातात. म्हणून नवे खाते उघडल्याबरोबर आधार जोडणीचा फॉर्म वेगळा भरून द्यावा. केवायसीसाठी आधार दिले म्हणजे जोडणी झाली, असे नसते. जांबोटी-कणकुंबीकडच्या लोकांना इंडिया पोस्ट पेमेंट्स बँक सोयीची. तिथे शून्य शिल्लक चालते, दिवसअखेर 2 लाखांपर्यंत ठेवता येते, आणि पेमेंट्स बँक स्वतः कर्ज देत नसल्याने तिथे तिची थकबाकी निघण्याचा प्रश्नच येत नाही.

सोसायटीचे आम्हाला वावडे नाही. उलट कागदांपलीकडचा माणूस ओळखणारी संस्था तीच. पण तिथे खाते म्हणजे आधी सभासदत्व : अर्ज, प्रवेश फी, भागाची रक्कम, ओळख देणारा सभासद आणि संचालक मंडळाचा ठराव. काउंटरवरच्या कारकुनाला हा निर्णय घेता येत नाही. अर्ज देऊन पोच घ्यावी आणि जुनी थकबाकी असेल तर अर्जासोबतच सांगावी. नो ड्यूज किंवा चालू हप्त्यांच्या पावत्या जोडाव्यात. लपवलेली थकबाकी जामिनाच्या वेळी उघडी पडते, आणि मग ओळख देणाऱ्याचीही पत जाते.

सुरुवात पिग्मीने, म्हणजे एजंटकडे रोज थोडे पैसे जमा करण्याने, करावी. दिवसाला 50 रुपये झेपत असतील तर 50च लिहावेत. 200 लिहून आठवड्यातून दोनदा चुकवण्यात काही अर्थ नाही. एजंटच्या मशीनची पावती घ्यावी, आणि महिन्यातून एकदा ऑफिसात जाऊन आपल्या खात्यावर जमा दिसते का ते पाहावे. एजंटकडचे कार्ड आणि सोसायटीचे लेजर यांत फरक पडतो तो इथेच, आणि सहा महिन्यांनी कळला तर निस्तरणे कठीण. वर्षभर न चुकता भरलेली पिग्मी पाहून कितीतरी संस्था तिच्याच तारणावर लहान कर्ज देतात. मात्र बहुतेक सोसायट्या सिबिलला माहिती पाठवत नाहीत, त्यामुळे तिथे केलेल्या चोख फेडीने सिबिल सुधारत नाही. ते सुधारायचे असेल तर बँकेत 10-15 हजारांची मुदत ठेव ठेवून तिच्यावर छोटे कर्ज किंवा क्रेडिट कार्ड घ्यावे आणि तारखेआधी भरत राहावे. हप्त्याची तारीख 5 आणि पगार 7 ला, असे असेल तर आधी तारीख बदलून घ्यावी. दर महिन्याचे बाउन्स तिथून सुरू होतात.

पैसे ठेवताना पासबुकावरचा नोंदणी क्रमांक वाचावा. 5 लाखांपर्यंतचा ठेव विमा बँकांना आहे, त्यात नागरी सहकारी बँकाही आल्या. सौहार्द सोसायटी, पतसंस्था किंवा मल्टिस्टेट (एकाहून जास्त राज्यांत चालणारी) सोसायटी यांना तो नाही, पाटीवर काहीही लिहिलेले असो. तक्रारीची दारेही वेगळी. कर्नाटकच्या 1959 च्या सहकारी संस्था कायद्याखालची किंवा 1997 च्या सौहार्द कायद्याखालची संस्था असेल तर राज्याच्या सहकार खात्याकडे, मल्टिस्टेट असेल तर दिल्लीच्या केंद्रीय निबंधकाकडे. महाराष्ट्रात मुख्य कार्यालय असलेल्या मल्टिस्टेटची तक्रार घेऊन बेळगावच्या सहकार खात्यात खेपा मारणारे लोक आजही दिसतात. बँकेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. फोन 14448.

सोसायट्यांच्या संचालकांना एक विनंती. सभासदत्व नाकारायचे असेल तर दोन ओळी लिहून द्या, त्यात कारण द्या, आणि त्या ओळी मराठीतही द्या. लघुवित्त (मायक्रोफायनान्स) कर्जाचे कार्ड कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असले पाहिजे, असा नियम रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये केला आहे. तुमचे सभासद मराठी बोलतात, तुमच्या वार्षिक सभा मराठीत होतात. मग नकार तेवढा तोंडी का?

आपले,
बँक व सोसायटीतील काही निवृत्त कर्मचारी,
शहापूर, बेळगाव