टाचांचा मारा नको, पोटरीचा इशारा हवा

संपादक महोदय,

माथेरानला काही पर्यटक घोड्याला सतत टाचा मारताना दिसतात, तेव्हा फार वाईट वाटते. अंगावर बसलेली माशीही ज्याला जाणवते, त्या घोड्याला पोटरीचा हलका दाब पुरतो. मात्र पाऊल पुढे पडताच तो दाब सोडायला हवा, कारण घोडा शिकतो ते दाब सुटण्याच्या क्षणी. दोन्ही पाय तंगाजवळ (खोगीर बांधण्याच्या पोटाखालच्या पट्ट्याजवळ) दाबले की पुढे, एकच पाय किंचित मागे नेऊन दाबला की मागचा भाग बाजूला, हे त्याला आधी जमिनीवर उभे राहून हातानेही शिकवता येते. हांगझोऊ येथे २०२३ मध्ये आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताने सांघिक सुवर्णपदक जिंकलेला ड्रेसाज हा घोडेस्वारीचा प्रकार अशाच सूक्ष्म इशाऱ्यांवर उभा आहे. सतत टाचा खाऊन बधिर झालेल्या घोड्याला हट्टी ठरवणे अन्यायाचे आहे. स्वारीपूर्वी घोडेवाल्यांनी पर्यटकांना एवढे अवश्य समजावून सांगावे.

– एक घोडेस्वारी प्रशिक्षक, पुणे