नजर ६/६ असली तरी पडदा तपासून घे

प्रिय वसंता,

सप्रेम नमस्कार.

मधुमेह असूनही, डोळे तपासताना तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत वाचता आला, म्हणून तू डोळ्यांचा विषय मिटवलास, हे मला अजिबात पटलेलं नाही. तक्त्यावर कळते ती डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या (रेटिनाच्या) मधोमध असलेल्या मॅक्युला या भागाची नजर. बाकीच्या पडद्यावर मधुमेह वर्षानुवर्षं नासधूस करत असला, तरी ६/६, म्हणजे तक्त्यावर पूर्ण नजर, येऊ शकतं. आणि दुखत तर काहीच नाही.

पडद्याच्या केशवाहिन्यांना, म्हणजे अगदी बारीक रक्तवाहिन्यांना, बाहेरून पेरिसाइट नावाच्या पेशी बिलगून असतात. साखर सतत चढी राहिली की आधी त्या मरतात. आधार गेलेली भिंत जागोजागी फुगते. तपासताना दिसणारे बारीक लाल ठिपके म्हणजे बहुतेक हेच फुगे. त्यांतून पाणी आणि चरबी झिरपते, चरबीचे पिवळे डाग पडतात. झिरपा मॅक्युलात शिरला की सूज येते, अक्षरं पुसट होतात, सरळ रेघ वाकडी दिसते.

काही केशवाहिन्या तर बंदच पडतात. मग ऑक्सिजन न मिळालेला पडदा व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडतो आणि नव्या वाहिन्या फुटतात. ही सुधारणा नव्हे, खरा धोका इथेच आहे. त्या कच्च्या असतात, फुटल्या की डोळ्यात रक्त उतरतं. त्यांच्याबरोबर वाढलेला तंतुमय पापुद्रा आकसला, तर पडदा ओढला जाऊन सुटतो.

पडद्यातल्या चेतापेशींबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही. पडदा हा मेंदूचाच विस्तार आहे. त्यातल्या चेतापेशी काही जणांत एकही लाल ठिपका दिसण्याआधीच झिजू लागतात. तक्त्यावरची काळी अक्षरं वाचता येतात, पण करड्यावरचं करडं, कमी उजेडातली पायरी नीट उमगत नाही.

तुझा मधुमेह टाइप २. तो कळण्याआधी साखर बरीच वर्षं वाढलेली असू शकते, म्हणून निदान झालं की लगेच पडदा तपासायचा आणि पुढे साधारण दरवर्षी. थेंब टाकून बाहुली मोठी करायला २०-३० मिनिटं लागतात. नंतर काही तास धूसर दिसतं, तेव्हा स्वतः गाडी चालवत जाऊ नकोस. नवा चष्मा इतक्यात करू नकोस. साखर वरखाली होत असेल तर डोळ्यातल्या भिंगातलं पाणी बदलतं आणि चष्म्याचा नंबरही.

साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवण्याला पर्याय नाही. टाइप १ च्या रुग्णांवरच्या, १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात, साखर काटेकोर ठेवणाऱ्यांमध्ये पडद्याचा हा आजार नव्याने सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला होता. फक्त एक जपायचं: साखरेची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) खूप जास्त असेल आणि पडदा आधीच बिघडलेला असेल, तर साखर झपाट्याने उतरवल्यावर तो काही काळ आणखी बिघडू शकतो. एवढ्यावरून औषध थांबवायचं नाही, पण पडदा आधी पाहून घ्यायचा.

उपचार लागलेच तर व्हीईजीएफला रोखणारी इंजेक्शनं डोळ्यात देतात, सुरुवातीला बहुधा महिन्याला एक. लेसरने कडेचा पडदा मुद्दाम जाळतात, म्हणजे ऑक्सिजनची गरज घटून नव्या वाहिन्या वाळतात. दोन इंजेक्शनांनी स्वच्छ दिसलं की लोक जायचे थांबतात, आणि सूज परत येते.

अचानक काळे ठिपके तरंगले, उजेडाच्या चमका दिसल्या किंवा नजरेच्या कडेला सावली आली, तर त्याच दिवशी दाखव. एरवी या आठवड्यात वेळ घे. आजार कुठल्या टप्प्यावर आहे आणि मॅक्युलाला सूज आहे का, हे दोन्ही डोळ्यांचं वेगवेगळं लिहून घे आणि मला कळव.

तुझा,
मुकुंद