सुन्या, पंप गेला

सुन्या लेका,

एवढी लांब मेल बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही, पंप गेलाय. इथे फिनिक्सच्या घराच्या मागच्या अंगणातल्या स्विमिंग पूलचा. आता हे तुझ्याशिवाय सांगू कोणाला, ऑफिसात सांगितलं तर म्हणतात माणूस बोलव, मीनलला सांगितलं तर ती म्हणते बोलावलास ना माणूस, बसवून गेला ना, मग झालं. झालं नाहीये रे, म्हणून तर लिहितोय. गणपती झाले की फोन करतो म्हणालो होतो ते कुठल्या सालचे गणपती हा विषय आत्ता काढू नकोस.

तब्येत ठीक. शुगर जरा वर आहे, गोळी चालू. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं.

तर ऐक. मे महिन्यापासनं मोटर चालू होताना किंचाळायला लागली, मग दोन मिनिटांनी गप्प. नंतर नंतर गप्पच होईना. खाली बघितलं तर मोटर आणि पंपाच्या मधे पांढरा थर साचलेला, इथलं पाणी क्षाराचं, जिथून थेंब गळतो तिथे मीठ फुटल्यासारखं दिसतं. म्हणजे सील आधी गेलं, पाणी शाफ्टवरनं आत शिरलं आणि पुढची बेअरिंग खाल्ली. अण्णा म्हणायचेच ना, बेअरिंग आपणहून मरत नाही, तिला कोणीतरी मारतं.

पूलवाला आला, मोटर चालू केली, आवाज ऐकला आणि म्हणाला अख्खा पंप बदला. म्हणलं बेअरिंग आणि सील बदलून नाही का चालणार. त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी बैलगाडीला टायर मागतोय. तो गेल्यावर रात्री गॅरेजमध्ये मी मोटर खोललीच. सुन्या, वाइंडिंग कसलं होतं माहितीये? चौदा वर्षं त्या उन्हात राहून तांबं अजून मधासारखं, वार्निश कुठे काळं नाही, नाक लावून वास घेतला तर जळका वास नाहीच. आणि बेअरिंगवर नंबर काय, ६२०३. तीच आपली ६२०३, जी तू मला सायकलवरनं सांगलीला आणायला पिटाळायचास आणि मी चुकून ६२०२ आणली म्हणून वर्षभर ऐकवलंस. (चुकून नाही, दुकानदाराने दिली, मी अजून त्याच मतावर आहे.)

आता तू म्हणणार मग बेअरिंग टाकून चालवायची की गाढवा. टाकली असती रे. पण पंपाची बॉडी प्लॅस्टिकची, उन्हानं पार खडूसारखी झालेली, बोट घासलं की पांढरी पावडर हाताला, झाकणाला तडा, आणि सीलची प्लेट वाकडी झालेली. मोटर सोन्यासारखी आणि पंप भंगार. आणि तसाच दुसरा सिंगल स्पीड आणावा म्हणलं तर २०२१ च्या जुलैपासनं इथे केंद्र सरकारचा नियम झालाय, माझ्या साइझचा साधा पंप आता बनवतच नाहीत. व्हेरिएबल स्पीडच घ्यावा लागतो. बसवून १,९०० डॉलर. रुपयात करू नकोस, मी केलं आणि मग जेवण गेलं नाही.

पण गंमत बघ, तुला आवडेल. जुनी मोटर ३४५० आरपीएमला धावायची, १,७०० वॉट घ्यायची, मी आठ तास चालवायचो. ही नवी निम्म्या स्पीडला टाकली की पाणी निम्मं देते पण वीज आठवा हिस्सा. घनाचा हिशोब रे, फॅनच्या पात्यांवर आपल्याला शिकवला होता तोच. मोटरच्या स्वतःच्या लॉसमुळे बरोबर आठवा नाही होत, मीटरला अडीचशे वॉटच्या आसपास दिसतं, पण सोळा तास चालवूनही चार युनिट. आधी साडेतेरा जायची. रोटरमध्ये मॅग्नेट आणि डोक्यावर ड्राइव्ह, थोडक्यात तुझा व्हीएफडी, मोटरचा स्पीड कमीजास्त करणारा तो डबा, पंपाच्या डोक्यावर बसवलाय. आवाज इतका कमी की चालू आहे का बघायला हात लावून बघावं लागतं. तो ड्राइव्हच मला खटकतो मात्र. उघड्यावर, दुपारचं ऊन थेट. २०२३ ला ३० जूनपासनं फिनिक्सला सलग ३१ दिवस दुपारचा पारा ४३ च्या वर होता, त्यात ते बोर्ड किती टिकणार, आणि गेलं की रिवाइंड करायला आहेच काय त्यात, फेकायचं. वर पत्रा टाकावा म्हणलं तर इथल्या सोसायटीला भिंतीच्या वर काही दिसलेलं चालत नाही. तुमच्या गल्लीतला तो पाण्याच्या टाकीवरनं भांडणारा म्हातारा परवडला.

बरं, बंद ठेवावा म्हणलं तर तेही जमत नाही. पोहतं कोण घरात? मीनलला केस ओले नको असतात, पोरं कॉलेजला गेली, आणि मी पाठीला पत्र्याचा डबा बांधून विहिरीत शिकलेला माणूस, मला त्या निळ्या पाण्यात मजा येत नाही. पण या उन्हात दोन-तीन दिवस पाणी फिरलं नाही की हिरवं. वर मॉन्सूनमधे (हो, इथेही मॉन्सूनच म्हणतात, हसू नकोस) धुळीची वादळं येतात, भिंतच्या भिंत चालत येते, आणि सगळी माती पूलमधे.

आता मुद्दा. नवीन पंप हवा घेतोय.

पूलवाला पाइप कापून, चिकटवून, चालू करून गेला. (मोटरच्या बॉडीला जी जाड उघडी तांब्याची वायर लागते, पूलचं सगळं लोखंड एकमेकांना बांधणारी, ती तशीच लोंबकळत ठेवून गेला. मी लावली. लावताना विहिरीवरचा तो झटका आठवला, तू दांडकं मारून मला सोडवलंस आणि मग अर्धा तास हसत बसलास. आणि हो, इथे पंपाला २४० व्होल्ट येतं ते दोन लाइव्हचं, त्यात न्यूट्रल नाहीच, टेस्टर दोन्हीकडे पेटतो. पहिल्यांदा मला वाटलं टेस्टर बिघडला.) दुसऱ्या दिवशी बघतो तर झाकणाच्या काचेतून बास्केट (पंपाच्या तोंडाशी कचरा अडवायची जाळी) पाण्यानं पूर्ण भरलेलं दिसेना. फोन केला तर म्हणाला कमी स्पीडला वर थोडी हवा राहते, नॉर्मल आहे. तेही खरं आहे, स्पीड कमी असला की पाणी हवेला ढकलून नेत नाही. पण मी बंद करून बघितलं ना. बंद केल्यावर बास्केटमधलं पाणी हळूहळू खाली बसतं. पंप पाण्याच्या पातळीच्या वर आहे, म्हणजे कुठून तरी हवा आत येतेय आणि पाणी मागे जातंय. सकाळी चालू केला की आधी नुसताच घरघरतो, मग पाणी धरतो. आपल्या भाषेत सांगायचं तर पंपानं पाणी सोडलंय.

झाकणाची ओ रिंग काढून पुसली, ग्रीस लावलं, तीच गत. युनियनची रिंग बघितली, नीट आहे. शेवटी दाढीचा फेस घेतला, सक्शनच्या प्रत्येक जोडाला थापला आणि पंप फुल स्पीडला टाकला. पंपाच्या तोंडाशी आट्यांचा जो अडॅप्टर आहे ना, तिथला फेस आत ओढला गेला, बोटानं दाबल्यासारखा खड्डा पडला. सापडलं! मीनलला बोलावून दाखवलं, ती म्हणाली माझा फेस वापरलास.

अडॅप्टर बदलायचा तर पाइप कापावा लागणार, आणि त्यानं व्हॉल्व्ह आणि पंपाच्या मधे पाइप ठेवलाय जेमतेम दोन बोटं. कापला तर नवीन सॉकेट बसायला जागाच नाही, मग व्हॉल्व्हसकट खाली जमिनीपर्यंत सगळं नवीन करायचं. तू इथे असतास तर एव्हाना शेणकाला करून पंपात ओतला असतास, आणि चाललाही असता. वरनं एम-सील लावू का? सक्शनला किती टिकेल? की आट्या सोडवून, टेफ्लॉन काढून परत घट्ट बसवून बघू? मला भीती ती की प्लॅस्टिकच्या आट्या आहेत, जास्त ओढलं तर नव्या पंपाचं तोंडच फुटायचं. पूलवाला येईल म्हणतोय, पण परत तोच कापणार आणि तोच चिकटवणार.

तुझं काय चाललंय? सायलीचा सीईटीचा निकाल मीनलनं सांगितला, जोरात. तिला म्हणावं काका खुश आहे, इंजिनिअरिंगला जायचंच असेल तर इलेक्ट्रिकलच घे, बापाचं दुकान आहे. बागेची छाटणी ऑक्टोबरलाच धरणार का यंदा पुढे ढकलणार? गुडघा कसा आहे? वहिनींना नमस्कार, आणि मागच्या वेळचे बेदाणे कधीच संपले.

रविवारी सकाळी दुकान उघडायच्या आधी आठला फोन कर, इथे शनिवारचे संध्याकाळी साडेसात असतील. आमच्याकडे घड्याळ पुढेमागे करत नाहीत, बारा महिने साडेबारा तासच, त्यामुळे वेळेचा घोळ झाला ही सबब चालणार नाही. कॅमेरा चालू ठेव, जोड दाखवतो.

तुझा,
मन्या

ता. क. जुन्या मोटरला नव्या बेअरिंग टाकून डिसेंबरात घेऊन येऊ का? तेरा किलो आहे, तेवीसच्या बॅगेत बसते. २३० व्होल्टच आहे पण ६० सायकलची (हर्ट्झ रे, तुमच्याकडे ५०). तू म्हणणार ५० सायकलवर कोअर सॅच्युरेट होऊन जळेल. मी म्हणतो स्पीड २८५०च्या आसपास येईल, म्हणजे पंपाचा लोड साठ टक्क्यांच्या आत, ओढेल. लावतोस पैज? पण आधीची मिसळ तुझ्याकडे बाकी आहे ती धरून.