तबकडीवर नसलेलं एक नाव

महोदय,

सी. रामचंद्रांच्या संगीतावर लिहिताना 'अलबेला' चित्रपटाचा (१९५१) उल्लेख हमखास होतो, भगवानदादांच्या नाचाचाही होतो. पण त्या गाण्यांतला ट्रम्पेट कोणाचा, हे क्वचितच कुणी लिहितं.

तो चिक चॉकलेटचा. मूळ नाव अँटोनियो झेवियर वाझ, जन्म १९१६, गोव्यातलं हळदोणे. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात त्याचा बँड वाजायचा. अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग त्याचा आदर्श. लोक त्याला 'भारताचा लुई आर्मस्ट्राँग' म्हणत. स्वतःच्या बँडच्या जॅझ तबकड्याही त्याने काढल्या. पुढे अण्णांबरोबर (सी. रामचंद्रांबरोबर) आणि मदनमोहन यांच्याबरोबर त्याने सिनेमासाठी काम केलं. 'दीवाना ये परवाना' गाण्यात तर तो साथीदारांसह पडद्यावरच दिसतो, झालरी लावलेल्या पोशाखात. १९६७ साली तो गेला.

वडिलांनी घेतलेली 'अलबेला'ची एक ७८ची (मिनिटाला ७८ फेरे घेणारी) तबकडी माझ्याकडे आहे. कडेला टवका उडालाय, तरी अजून वाजते. सुई मधल्या तुकड्यावर आली की ट्रम्पेट असा उसळून वर येतो की हातातलं काम थांबतं. लेबलवर चित्रपट, गायक, संगीतकार, सगळं छापलंय. वाजवणाऱ्याचं नाव नाही. लहानपणी मी वडिलांना विचारलं होतं, ''हे कोण वाजवतंय?'' त्यांनाही सांगता आलं नव्हतं.

आपल्या रविवार पुरवणीत चिकसारख्या सिनेसंगीतातल्या गोवेकर वादकांवर सविस्तर लेख यावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, गिरगाव