कात्री जिच्या हातात आहे

दिंडोरी,
पितृपक्षातला रविवार

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

मजुरांसाठी तू करतोयस त्या ॲपची फाईल दोनदा उघडून वाचली. प्रत्येक बाईला नंबर, हजेरी मोबाईलवर, दिवसाला द्राक्षांचे किती घड विरळले त्याचा आकडा, आणि जिचा आकडा कमी तिच्या नावापुढे लाल रंग. नानांना दाखवली तर ते खूश. म्हणाले, पोरगं पुण्यात राहून कामाचं शिकलं. मला मात्र गेल्या डिसेंबरातला तो मंगळवार आठवला. म्हणून फोन न करता लिहायला बसले. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

तू चार दिवसांच्या सुट्टीवर आला होतास. विरळणी चालू होती, घडातले जादा मणी कात्रीनं काढायचं काम. विहिरीकडच्या रांगेत टोळीतल्या मावशीनं एक घड फारच मोकळा केलेला तुला दिसला आणि तू सगळ्या टोळीसमोर तिच्यावर ओरडलास, "एवढे मणी कुणी काढायला सांगितले?" ती काहीच बोलली नाही. तुला वाटलं चूक कबूल केली. त्या वेलीची काडी पेन्सिलीपेक्षा बारीक होती आणि वर पानं मोजकी. तेवढे मणी ठेवले असते तर एकही फुगला नसता. हे तिला कळलं होतं, तुला नाही. मलाही तिनं नंतर हात धरून दाखवलं तेव्हाच कळलं.

पण मला सांगायचं आहे ते दुसऱ्या दिवसाचं. तू सकाळी बागेत गेलास आणि तासाभरात डोकं धरून परत आलास. चारही बाजूंनी हाका, "दादा, हा मनी काढू का?" "दादा, हा घड ठिवू का?" मावशी तर प्रत्येक घडाला तुला बोलवत होती, तेही अगदी आदरानं. त्या दिवशी निम्म्या रांगासुद्धा झाल्या नाहीत. तू म्हणालास, ह्या बायकांना मुद्दाम त्रास द्यायचा आहे. थोडा असेलही! पण आदल्या दिवशी तूच त्यांना शिकवलंस की डोकं वापरलं तर शिव्या बसतात. मग त्यांनी ते वापरायचं थांबवलं.

आता तुझ्याच भाषेत आकडा देते. आपली लागवड नऊ बाय पाच फुटांवर, म्हणजे एकरी 968 वेली. वेलीला आपण पस्तीस घड ठेवतो. एकरी 33,880 घड झाले. चार एकरांत 1,35,520. त्यातल्या प्रत्येक घडावर कुणीतरी कात्री हातात धरून ठरवतं, कुठली पाकळी, म्हणजे घडाची बाजूची फांदी, काढायची, किती मणी राहू द्यायचे, का घडच उडवायचा. युरोपच्या गिऱ्हाईकाला 16 ते 18 मिलिमीटरचा मणी हवा असतो, त्याचा निकाल ह्याच पंधरा-वीस दिवसांत लागतो. तू, मी आणि नाना तिघं मिळून दिवसभर पळालो तरी ह्यातले किती घड बघू? तरी मॅनेजर आपण आणि त्या लेबर, असं तुझ्या फाईलमध्ये लिहिलं आहे.

नानांनी पंचवीस वर्षं बाग बांधावर उभं राहून सांभाळली. शिट्टी, हाक, शिवी. माणूस वाईट नाही हे तुला माहीत आहे, उचल मागायला आलेल्याला कधी रिकामा पाठवला नाही. पण निर्णय एकट्याचा. आणि ओरड्याच्या धाकानं काय होतं त्याची किंमत आपण एकदा मोजली आहे, तू तेव्हा दहावीला होतास. डिपिंगला, म्हणजे घड बुडवायला, जीएचं (मणी फुगवणाऱ्या संजीवकाचं) पाणी कालवताना कुणीतरी पुडी दोनदा टाकली. कालवणाऱ्याला कळलं होतं, शेजारच्यालाही कळलं होतं. दोघं गप्प राहिले, कारण नाना समोरच उभे होते. दीड एकराचे देठ जाड झाले, घड कडक झाले, आणि तो माल आपण लोकलला मिळेल त्या भावात दिला.

आता मुकादमाचा पोरगा पाणी कालवतो. दहावी नापास. त्याला मी शेडच्या भिंतीवर खडूनं शिकवलं: एक ग्रॅम पंचवीस लिटरला म्हणजे चाळीस पीपीएम, दोनशे लिटरला आठ ग्रॅम. पावडर आधी स्पिरिटमध्ये विरघळवायची, पाण्याचा सामू बघायचा, मगच टाकायची. तीन दिवस मी शेजारी बसले, चौथ्या दिवशी मुद्दाम घरात राहिले. (पोटात गोळा होता, खोटं कशाला सांगू.) आठव्या दिवशी तो स्वतःच ओट्यावर आला. म्हणाला, "काकू, दोनशेच्या हिशोबाची पावडर शंभरात पडली, दोन रांगा बुडवून झाल्या, बाकी थांबवल्यात." दोन रांगांचं नुकसान झालं. मी त्याला चहा दिला आणि टाकीवर रंगानं शंभराची आणि दोनशेची रेघ मारून घेतली, जी आपण आधीच मारायला हवी होती. नाना दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

तोच पोरगा पेस्टिंगही बघतो. ह्या वेळी छाटणीला तू असशील, तेव्हा हे नीट वाच. काडीवरचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून आपण हायड्रोजन सायनामाईड लावतो, तेच पेस्टिंग. ते अंगावर पडलं तर कातडी भाजते, आणि ते हाताळलेल्या माणसानं दारू घेतली तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, माणूस आडवा होऊ शकतो. म्हणून पेस्टिंगच्या आधी आणि नंतरचे काही दिवस दारू बंद. हे मालकानं सांगून कोण ऐकतं? आपल्याला संध्याकाळी ते कुठं बसतात हेसुद्धा ठाऊक नसतं. त्याला असतं. मागच्या ऑक्टोबरात त्यानं सख्ख्या चुलत्याला रांगेतून बाहेर काढून घरी पाठवलं. आणि एकदा घाईघाईत नाना उघड्या हातानं डबा धरायला गेले तर म्हणाला, "नाना, हातमोजे." सगळ्यांसमोर. नानांनी माझ्याकडे बघितलं, मी वेलीकडे बघत राहिले. नानांनी हातमोजे घातले.

तू विचारलं होतंस, ग्रास्पच्या, म्हणजे मजुरांना कसं वागवतो त्या तपासणीच्या, कागदात आपण मजुरांचा प्रतिनिधी म्हणून कुणाचं नाव टाकतो. ऑडिटला तो प्रश्न सुरुवातीलाच असतो. खरं सांगते, पहिली दोन वर्षं जी समोर दिसली तिचं नाव लिहिलं आणि तिचा अंगठा घेतला. तिला बिचारीला वाटलं उचलीचा कागद आहे. तिसऱ्या वर्षी मला लाज वाटली. मग म्हटलं, खरंच एक बाई नेमू.

इथं मी पहिली चूक केली. विरळणीत सगळ्यात सफाईदार हात कुणाचा, तर मावशीचा. तिलाच पुढारी केलं, रोजाला पन्नास रुपये जास्त. पंधरा दिवसांत तिचं तोंड उतरलं. तिची नणंद त्याच टोळीत, तिला बोलावं तर घरी भांडण, न बोलावं तर बाकीच्या टोमणे मारणार. शिवाय दुसऱ्यांचं काम बघत फिरण्यात तिचा स्वतःचा हात थांबायचा, आणि तिला आनंद होता तो त्या हातात. एक दिवस म्हणाली, "ताई, मला कात्रीच द्या." दिली. पन्नास रुपये मात्र काढले नाहीत. आता नव्या मुली तिच्या शेजारच्या वेलीवर उभ्या करते. ती बोलत नाही, त्या बघतात आणि शिकतात.

मग मी चार दिवस नुसतं बघितलं. जेवणाच्या सुट्टीत बायका कुणाभोवती बसतात, पोर रडलं तर कुणाकडे देतात, अडलं की आधी कुणाकडे बघतात. हात सगळ्यात चांगला नव्हता तिचा. सुरगाण्याकडची, चाळिशीची, हसत बोलणारी, आणि कुणाच्या घरात काय चाललंय हे सगळं पोटात ठेवणारी. तिला विचारलं तर आधी नाही म्हणाली. मुकादमाला काय वाटेल, म्हणे. तिचं बरोबर होतं. मुकादमाला माणशी पैसे मिळतात, गाडीभाडं मिळतं, आणि टोळीवरचा शब्द ही त्याची खरी कमाई. त्याला बसवून सांगितलं की माणसं आणणं, गाडी, हिशोब तुझाच, पण रांगेत उभं राहिल्यावर शब्द तिचा. मान हलवली त्यानं. आणि ऐन काढणीत दहा बायका उचलून दुसऱ्या बागेत नेल्या. यंदा काय करेल सांगता येत नाही. तुझ्या फाईलमध्ये ह्याचा रकाना नाही, तो घाल.

तिचा पहिला उपयोग मला डोंगऱ्या देवाला झाला. तुला माहीतच आहे, मार्गशीर्षात तो उत्सव येतो आणि आपली विरळणीही नेमकी तेव्हाच येते. दरवर्षी एका सकाळी निम्मी टोळी नसायची आणि नाना गाडीवाल्याला फोनवर फोन लावायचे. तिनं कार्तिकातच येऊन सांगितलं, ह्या गावच्या बायका ह्या दिवसांत जातील, त्या गावच्या त्या दिवसांत. मग कुठल्या रांगा आधी संपवायच्या हे आम्ही दोघींनी मिळून ठरवलं. होळीचंही तसंच. काही जादू नाही त्यात. इतकी वर्षं आपण त्यांना विचारलंच नव्हतं.

पन्नास रुपयांवर तुझं म्हणणं येईल हे ठाऊक आहे. साठ दिवसांचे तीन हजार होतात, दोघींचे सहा. शिवाय बायकांचा रोज गड्यांपेक्षा कमी, हे मी अजून बदलू शकले नाही. शेजारचे बागायतदार म्हणतात, तुम्ही भाव बिघडवताय. नानाही तेच म्हणतात. ह्यावर माझ्याकडे आज उत्तर नाही, पण फवारणीचा गडी आणि विरळणीची बाई ह्यांच्यात अवघड काम कुणाचं, हे तूच दोन दिवस कात्री धरून ठरव.

आणखी एक. चर्चासत्रं होतात, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ येऊन सांगतात, चांगलं सांगतात. 1997 पासूनचं ते केंद्र, तिथलं शिकून आपल्या बागेत बरंच बदललं. पण पहिल्या रांगेत नाना आणि त्यांच्यासारखे बसतात, वही घरी येते, आणि कात्री धरणारीपर्यंत त्यातलं येतं ते एवढंच, "मोकळं कर, मोकळं कर." 2010 साली सीसीसी ह्या वाढ रोखणाऱ्या औषधाचे अंश सापडले म्हणून युरोपात आपल्या द्राक्षांचे कंटेनर अडकले, तेव्हापासून आपण सगळे औषधांच्या नोंदी लिहायला शिकलो. त्या पोराला मी विचारलं, फवारणीनंतर काढणीपर्यंत दिवस का मोजायचे? म्हणाला, साहेब तपासतात म्हणून. दहा मिनिटं लागली खरं कारण सांगायला. आता तोच नोंदवही लिहितो, आणि दिवस भरले नसतील तर कात्री लावू देत नाही. यंदा पिंपळगावला कार्यक्रम असला तर सुरगाण्याची ती आणि हा पोरगा, दोघांनाही पाठवायचं मी ठरवलंय. रोज आपण द्यायचा. नानांना अजून सांगितलेलं नाही.

तुझं ॲप आण, मी नाही म्हणत नाही. हजेरीचा आणि उचलीचा हिशोब त्यात नीट राहील, मुकादमाच्या वहीतल्या खाडाखोडी संपतील. फक्त उचलीचा हिशोब त्या बायकांनाही बघता आला पाहिजे, आणि तो लाल रंग काढून टाक. आकडा कमी दिसला तर आधी त्या रांगेत जाऊन काडी बघ.

नवरात्र संपलं की खालच्या प्लॉटची छाटणी धरायची आहे. आल्यावर पहिल्या दिवशी मावशीला भेट. माफी माग असं मी म्हणणार नाही, तू मोठा आहेस. पण तिच्या शेजारच्या वेलीवर उभा राहा.

येताना विरळणीच्या बारा कात्र्या घेऊन ये, टोकं बारीक असलेल्या. आणि डावखुऱ्या माणसासाठी वेगळी कात्री मिळते का ते बघ, दोन लागतील. टोळीत दोघी डावखुऱ्या आहेत, दुपारपर्यंत त्यांचा अंगठा सोलतो. मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. सुरगाण्याच्या तिनं सांगितलं.

तुझी,
आई