तुझ्या घराची किल्ली

श्रीवर्धन तालुका,
दि. 20 एप्रिल 2025

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

शिमग्याला आलास, पण पालखीच्या गडबडीत नीट बसणं झालंच नाही. निघताना एसटीच्या पायरीवर पाय ठेवून तू विचारलंस, "वादळाची तयारी, वादळाची तयारी म्हणता, म्हणजे नेमकं करता तरी काय रे?" गाडी सुटली आणि उत्तर राहून गेलं. महिनाभर ते डोक्यात घोळतंय. फोनवर दोन वाक्यांत उरकण्यासारखं ते नाही, आणि शेवटी तुझ्याकडे एक मागणंही आहे, म्हणून पत्रच लिहायला बसलो.

येत्या 3 जूनला निसर्ग वादळाला पाच वर्षं होतील. तू तेव्हा लॉकडाऊनमुळे मुंबईत अडकला होतास आणि आमचे फोन बंद पडले होते. नंतर भेटलो तेव्हा पडझडीचं बोललो, पण त्या दिवसाचं सलग असं मी तुला कधी सांगितलंच नाही.

31 मेला समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र तयार झालं. 2 तारखेच्या दुपारी त्याचं वादळ झालं, त्याला नाव पडलं, आणि 3 तारखेच्या दुपारी ते आपल्या आढ्यावर होतं. नाव पडल्यापासून घर उघडं पडेपर्यंत एक दिवस. हवामान खात्याने सांगितलं त्यात काही चुकलं नव्हतं. ताशी 110 ते 120 किलोमीटरचा वारा म्हणाले, तेवढा आला. पण ताशी 110 म्हणजे काय, हे आपल्यापैकी कोणाला ठाऊक होतं? आपण आगोटीची तयारी करणारी माणसं. घर शाकारायचं, पडवीला झापं लावायची, लाकूडफाटा आत घ्यायचा, मीठ-मसाला-सुकी मासळी भरून ठेवायची. पावसाशी आपली पिढ्यान् पिढ्या ओळख आहे. या वाऱ्याशी नव्हती.

सकाळपासून वारा डोंगराकडून येत होता. मी माजघरात उभा राहून वर बघत होतो. कौलं एकदम उडत नाहीत रे. एक ओळ उचलली जायची, पुन्हा रिपांवर बसायची, पुन्हा उचलली जायची, आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला जायची ती गेलीच. आई देवासमोर हात जोडून बसली होती आणि तिच्या पाठीवर वरून भुसा, जळमटं, कौलांच्या कपच्या पडत होत्या. दुपारी एकाएकी सगळं थांबलं. पान हलेना. शेजारचे आप्पा गोठ्यातली गाय बघायला बाहेर पडले. मी ओरडत गेलो आणि त्यांना दंडाला धरून आत ओढलं, कारण वादळाच्या मधोमध शांतता असते आणि तिच्यामागून उलटा वारा येतो, हे मी आदल्या रात्री वाचलं होतं. ते एक वाचलेलं वाक्य उपयोगी पडलं. थोड्या वेळाने वारा आला तो समुद्राकडून. पहिल्या वाऱ्यात वाकलेल्या पोफळी या दुसऱ्या वाऱ्यात कमरेत मोडल्या. मोडताना आवाज फटाक्यासारखा, एकामागून एक, आणि मग तो मोजण्यापलीकडे गेला.

आमच्या 14 गुंठ्यांच्या वाडीत 250 पोफळी होत्या. संध्याकाळी 31 उभ्या होत्या. त्यातल्याही काही पुढच्या उन्हाळ्यात गेल्या. पोफळ सावलीतलं झाड. आजूबाजूचं छत्र गेलं की दुपारचं ऊन थेट खोडावर येतं, खोड एका बाजूने भाजतं, चिरतं आणि मग वाऱ्याची झुळूकही त्याला पुरते. खालचं जायफळ गेलं, पोफळींवर चढवलेल्या मिरवेली गेल्या. आम्ही 2021 च्या पावसात केळीच्या आडोशाला नवी रोपं लावली. ती आता माझ्या डोक्याच्या वर गेलीत, पण सुपारी धरायला अजून दोन पावसाळे तरी जातील. वाडी पडणं म्हणजे एका वर्षाचं पीक जाणं नव्हे, हे मुंबईतल्या माणसाला सांगताना फार कठीण जातं. तुला सांगावं लागत नाही. तुझ्या अण्णांनी लावलेले माड तू पाहिलेस.

आता तुझा प्रश्न. तयारी म्हणजे काय?

लोकांना वाटतं मेणबत्त्या, टॉर्च, बिस्किटं. ते सगळं हवंच. पण मला विचारशील तर पहिली गोष्ट सांगेन, कप्पी आणि दोर. वादळानंतर आमच्या आळीत 40 दिवस वीज नव्हती. प्रत्येकाच्या वाडीत विहीर, विहीर काठोकाठ भरलेली, आणि घरात प्यायला पाणी नाही. रहाट आपण कधीच मोडून टाकले, पंप आले, विहिरींवर लोखंडी जाळ्या बसल्या. पोहरा टाकायला जागा नाही, कप्पी कुठल्या माळ्यावर पडली ते कोणाला ठाऊक नाही. माझ्या आईने वयाच्या बाहत्तराव्या वर्षी कठड्याला पोट टेकून बादलीने पाणी ओढलं. तिच्या हाताला दोराचे वळ उठले होते. मोहल्ल्यातल्या लोकांनी डिझेलचं जनरेटर आणलं, स्वतःच्या विहिरीवर आधी लावलं आणि मग आळीआळीतून फिरवलं, कोणाकडून पैसा घेतला नाही. हे उपकार मी विसरणार नाही. तर गेल्या दोन वर्षांत मी घरोघर जाऊन एकच सांगतोय, जाळीला झडप ठेवा, कप्पी टांगून ठेवा, दोर बदला. आमच्या आळीतल्या बहुतेक विहिरींवर आता कप्पी आहे. यावर मी खूश आहे.

दुसरी गोष्ट, करवत. आम्ही वर्गणी काढून पेट्रोलवर चालणारी एक घेतली. पथकं येतात, चांगलं काम करतात, पण ती मोठ्या रस्त्याने येतात आणि आपल्या आळीपर्यंतचा रस्ता आपल्यालाच मोकळा करावा लागतो. त्या वेळी चार दिवस आजारी माणसालासुद्धा बाहेर काढता येत नव्हतं. मागच्या आळीतल्या काकींना इन्सुलिन लागतं. फ्रीज बंद. त्यांच्या सुनेने ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मडक्यात बाटल्या ठेवल्या आणि निभावलं. आता अशा माणसांची यादी आम्ही केली आहे, कोणाला काय औषध लागतं, कोणाला उचलून न्यावं लागेल.

छपरावर पत्रे ज्यांचे आहेत त्यांना हुक घट्ट करायला सांगतो, खिळ्यांवर भागवू नका म्हणतो. माडांवरची सुकी झावळ आणि नारळ मेअखेर उतरवून घ्यायचे. होड्या वर ओढून बांधायच्या, ते कोळीवाड्याला शिकवावं लागत नाही. 2009 च्या नोव्हेंबरात फयान वादळ आलं, त्यानंतर बंदरावर बावटा चढला की तिथली माणसं वाद घालत नाहीत. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं, तेव्हा सगळी गलबतं वेळेत आत होती.

पण मित्रा, खरी अडचण कुठे आहे सांगू? इशारा आता पोचतो. मोबाईलवर येतो, तलाठी-पोलीस पाटील घरी येऊन सांगतात. इशाऱ्यावर हलायला माणसं नाहीत. आमच्या आळीत 26 घरं. त्यातली 15 गणपती-शिमगा सोडला तर बंद. उरलेल्या 11 घरांतली सहा अशी की सगळ्यात तरुण माणूस साठीच्या पुढचा. छपरावर चढायला, माड साफ करायला, म्हातारं माणूस उचलायला आम्ही मोजून सात जण आहोत, आणि त्यात पन्नाशीचा मीसुद्धा धरलाय.

दुसरी अडचण कागदांची. वादळानंतर बागांना मदत जाहीर झाली ती हेक्टरी 50 हजार. ऐकायला बरं वाटतं. पण आपल्याकडे हेक्टर कोणाचा आहे? आपण गुंठ्यात मोजणारी माणसं. हेक्टरी 50 हजार म्हणजे गुंठ्याला जेमतेम 500. आमच्या वाडीचे झाले 7 हजार. ओरड झाली तेव्हा झाडामागे दर ठरला, पोफळीला 50 आणि माडाला 250 रुपये. आणि हे पैसे कोणाच्या खात्यात जाणार? आमच्या सातबाऱ्यावर 11 नावं. त्यातले तीन वारलेले, वारसनोंद नाही. एक चुलतभाऊ बडोद्याला, त्याच्याशी वीस वर्षं बोलणं नाही. सगळ्यांची संमती हवी, आणि लॉकडाऊनमध्ये संमतीपत्रावर सह्या आणणार कशा? मी सात हेलपाटे घातले. भावकीत कोणी वाईट नाही, कोणाला पैसे खायचे नव्हते, पण कागद अपुरा म्हणून फाईल पडून राहिली. तेव्हापासून मी म्हणतो, वारसनोंद करून घेणं हीसुद्धा वादळाची तयारी आहे. तुमच्या खालच्या वाडीच्या उताऱ्यावर अजून तुझ्या आजोबांचंच नाव आहे. या मे महिन्यात येशील तेव्हा तेवढं एक काम कर. मी तलाठ्याकडे बरोबर येतो.

आणि आपल्यालाच जर असं, तर टेकडीखालच्या कातकरी वाडीचं काय झालं असेल? त्यांची कुडाची घरं त्या दिवशी उरलीच नाहीत. वारा पडल्यावर मी तिकडे गेलो, तर एक बाई चिखलातून भांडी वेचत होती आणि तिचा लहान मुलगा मोडलेल्या मेढीवर बसला होता. घर गेल्याचा पंचनामा व्हायचा तर घर कोणाच्या नावावर? जागा दुसऱ्याची, घरपट्टी नाही, उतारा नाही. तिच्या हातात दाखवायला काहीच नव्हतं. माझ्या पोफळी गेल्या तरी माझ्याकडे कागद अपुरा का होईना, होता. गेल्या वर्षी ग्रामसभेत मी हा विषय काढला. त्यांची घरं नोंदवायचं काम आता कुठे सुरू झालंय. ते पुरं होईपर्यंत मी त्यामागे लागणार आहे.

किनाऱ्याचंही थोडं लिहितो, कारण त्यावर आपलं मत जुळत नाही. तू म्हणतोस पर्यटन आलं तर पोरं परततील. यावीत, मलाही हवीत. पण सुरूच्या बनात पडलेल्या झाडांच्या जागी पुन्हा झाडंच लागली पाहिजेत आणि वाळूचे उंचवटे सपाट करून त्यावर खोल्या उठता कामा नयेत. त्या दिवशी समुद्राकडून आलेला वारा आधी त्या बनावर आदळला. बनामागच्या आळीची आणि उघड्या आळीची छपरं दुसऱ्या दिवशी मी शेजारी शेजारी पाहिली आहेत. खाडीकाठच्या कांदळवनाचंही तेच. हे मी रागाने लिहीत नाही. आपल्या पोरांनी इथे राहावं असं वाटतं म्हणूनच लिहितो.

आता मागणं.

निवारा म्हणून आमच्यासाठी शाळा ठरवली आहे. तिचं छप्पर पत्र्याचं. 2020 ला ते अर्धं उडालं, नंतर पुन्हा पत्राच घातला. वरच्या आळीत पक्क्या स्लॅबचं घर एकच आहे, तुझं. जमीन उंच, दोन खोल्या, मागे संडास, अंगणात विहीर, रस्ता थेट दारापर्यंत. ते वर्षातले अकरा महिने बंद असतं. त्या 3 जूनला आप्पा, आप्पांची बायको, माझी आई आणि मी आमच्या घरात भिंतीला टेकून बसलो होतो, आणि समोर तुझं घर जसंच्या तसं उभं होतं, दाराला कुलूप. कुलूप फोडावं असं मनात आलं होतं. फोडलं नाही. मित्राच्या घराचं कुलूप फोडायला हात होईना, आणि विचारायला फोन लागेना.

म्हणून आज विचारतो. एक किल्ली माझ्याकडे ठेवशील का? इशारा आला की वरच्या आळीतली म्हातारी माणसं आणि कातकरी वाडीतल्या बायकापोरांना तिथे आणायचं, वारा पडला की घर झाडून-पुसून पुन्हा बंद करायचं. देवघराची खोली आणि तुझं कपाट मी वेगळं कुलूप लावून ठेवीन, तुझ्या आईच्या वस्तूंना कोणी हात लावणार नाही, हा माझा शब्द. वहिनींच्या मनात शंका असेल तर त्यांच्याशी मी स्वतः बोलेन. तुम्ही दोघांनी ठरवून मग सांगा. नाही म्हणालात तरी माझ्या मनात काही राहणार नाही, पण मग मेअखेरच्या आत कळव, म्हणजे मला दुसरी सोय बघता येईल.

माळ्यावर मागची जुनी कप्पी सापडली आहे, अण्णांच्या हातची. तेल घालून ठेवली आहे, छान फिरते. तू हो म्हणालास तर ती तुझ्याच विहिरीवर टांगतो.

आई आशीर्वाद सांगते. मुलांना गोड पापा.

तुझा,
वरच्या आळीतला सोबती