यादीत नसलेल्या मुलांचं काय?

मा. संपादक,
स. न.

कालच्या अंकात शिष्यवृत्ती परीक्षेच्या गुणवत्ता यादीत चमकलेल्या मुलांचे फोटो पाहिले. पोरांचं कौतुक आहेच, त्यांच्या गुरुजींच्या कष्टाचंही आहे. पण 'जिल्ह्याच्या प्राथमिक शिक्षणाचा दर्जा सिद्ध' हा मथळा खटकला. यादीतल्या मुलांवरून यादीबाहेरच्यांचं शिक्षण कसं सिद्ध होतं?

माझी पुतणी राधानगरी तालुक्यातल्या एका झेडपी शाळेत पाचवीला आहे. तिच्या वर्गातली चार-सहा मुलं जूनमध्येच 'शिष्यवृत्तीची' म्हणून वेगळी काढली. त्यांना सकाळी जादा तास, सुट्टीत सराव पेपर. बाकीच्यांनी फळ्यावरचा उतारा वहीत उतरवायचा. दिवाळीत तिची वही पाहिली. पानंच्या पानं वळणदार अक्षर. त्यातलीच एक ओळ वाच म्हटलं, तर बोट ठेवून एकेक अक्षर लावत बसली आणि 'जिल्हाधिकारी'वर अडली ती अडलीच. "मला कोण काय विचारतच न्हाई काका," म्हणाली.

गुरुजींना भेटलो. 60 पर्यंत पट म्हणजे दोनच शिक्षक, मग वर्ग पाच का असेनात. त्यातले एक सदा ऑनलाइन माहिती भरण्यात. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 म्हणतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम देऊ नये. ते कोण पाळतं? "वरून विचारणा होते ती शिष्यवृत्तीच्या निकालाची," गुरुजी म्हणाले. वाचता न येणाऱ्यांची होत नाही.

शाहू महाराजांनी 1917 साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना 1 रुपया दंड ठेवला. तो कायदा निवडक हुशार पोरांसाठी नव्हता. शाहूवाडी-गगनबावड्याच्या धनगरवाड्यांवरची मुलं, गळीत हंगामात बीडकडून ऊसतोड टोळीबरोबर येऊन फडावर धाकटं भावंड सांभाळणारी मुलं, यांचा फोटो कधी येणार?

पुढच्या वर्षी यादी जरूर छापा. शेजारी हेही छापा की पाचवीच्या किती मुलांना दुसरीचं पुस्तक सरळ वाचता येतं, तालुकावार. जिल्हा परिषदेला तुम्ही विचारलंत तर उत्तर द्यावं लागेल, आम्हाला कोण देतंय!

आणखी एक. सहावीला आमच्या पोरींना पुढच्या गावी जावं लागतं आणि सकाळची एसटी शाळा भरून गेल्यावर येते. आगारात अर्ज दिलाय, अजून पोचसुद्धा नाही. यावरही दोन ओळी छापाव्यात, ही विनंती.

एक पालक, राधानगरी तालुका